टर्बो खोलण्याआधी हवेची वाट तपासा

दिवाळी झाली की आमच्या बेळगाव भागातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि संकेश्वर, हुक्केरी, चिक्कोडी, अथणीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. पुढचे चार महिने गॅरेजात एकच तक्रार सगळ्यात जास्त कानावर पडते: "मामा, ट्रॅक्टर ओढंना झालाय, नुसता धूर मारतोय." बोलणाऱ्याने बहुतेक वेळा निदानही सोबत आणलेलं असतं. कुणी म्हणतो डिझेलचा पंप काढा, कुणी म्हणतो डिझेल फवारणारे नोझल गेले, आणि गाडी टर्बोवाली (इंजिनात हवा दाबून भरणारं चाक असलेली) असली तर "टर्बो गेला" हे ठरलेलंच. मी मात्र आधी बॉनेट उघडतो आणि एअर क्लिनरच्या झाकणाची क्लिप सोडतो.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. खानापूरकडचा एक ट्रॅक्टर आला. मालकाने दुसरीकडे नवा टर्बो बसवून घेतला होता आणि तीन महिन्यांत पुन्हा तेच: निळा धूर, ऑइल कमी होतंय, शिट्टीचा आवाज बदललेला. मी फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप काढला आणि आत बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते गेरूत बुडवल्यासारखं तांबडं. पाइपच्या खालच्या अंगाला, जिथे तो ब्रॅकेटला घासत होता, तिथे नखाएवढी चीर होती. वरून दिसत नव्हती, पाइप वाकवला की तोंड उघडत होती. टर्बोचं पुढचं, हवा ओढणारं चाक हातात घेतलं तर पात्यांच्या धारदार कडा पॉलिश पेपरने घासाव्यात तशा गोल झालेल्या. पहिल्या टर्बोला जिने खाल्लं, त्याच चिरेच्या पुढे दुसरा टर्बो बसवला होता.

ऑटोनगर किंवा उद्यमबागेतल्या गॅरेजांत नुकत्याच लागलेल्या मुलांसाठी, आणि स्वतःच्या गाडीचं स्वतः बघू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितो आहे. डिझेलची वाट सगळे तपासतात, हवेची वाट फार थोडे. तीच आधी शिका.

इंजिन किती हवा ओढतं

अडीच लिटरचं, तीन सिलिंडरचं ट्रॅक्टरचं इंजिन घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतो. म्हणजे २,००० आरपीएमला (मिनिटाला २,००० फेऱ्या) इंजिन मिनिटात १,००० वेळा पोट भरतं. अडीच गुणिले हजार, २,५०० लिटर. फिल्टर, वळणं, व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्याने थोडी कमी भरते, तरी मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर धरा. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीत साधारण २८,००० लिटर हवा मावते. ती सगळी हा ट्रॅक्टर तेरा-चौदा मिनिटांत ओढून घेईल. आठ तास नांगरट केली तर दहा लाख लिटर. तीही शेतातली, नांगराने उडवलेल्या धुळीसकट. त्यात टर्बो असेल तर हवा याहून जास्त.

आता डिझेलच्या बाजूने हिशेब करू. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचं वजन ८३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरमागे बारा किलो हवा. लिटरात मोजली तर दहा हजार लिटर, आणि हे झालं किमान. डिझेल सिलिंडरमध्ये अगदी शेवटच्या क्षणी फवारलं जातं, हवेत मिसळायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून लागते त्याहून बरीच जास्त हवा आत असावी लागते. ही जास्तीची हवा घटली की सायलेन्सरमधून काळा धूर येतो. तो काळा रंग म्हणजे न जळता राहिलेला कार्बन, तुम्ही पैसे मोजून टाकीत भरलेला.

एक फरक इथेच डोक्यात बसवा, पुढे कामाला येईल. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर हवेची वाट कमी-जास्त उघडतो. साध्या डिझेल इंजिनात हवेला दार नसतं. हवा येईल तेवढी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर फक्त डिझेल कमी-जास्त करतो. त्यामुळे हवा कमी पडली तरी डिझेल इंजिन लगेच बंद पडत नाही. ते धूर मारत, तापत, डिझेल जाळत चालत राहतं आणि मालकाला वाटतं, चालतंय की.

आपल्याकडची हवा, आपल्याकडची माती

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. बिनटर्बोची जुनी गाडी माल भरून चोर्ला किंवा अनमोड घाट चढू लागली की वर येईल तसा धूर वाढतो, त्यात चढाच्या ताणाबरोबर याचाही हात असतो: पंप डिझेल तेवढंच देतो, हवा मात्र कमी मिळते. टर्बोवाली गाडी ही तूट बरीचशी भरून काढते.

मातीचं म्हणाल तर खानापूर-जांबोटीच्या बाजूला जांभ्याची तांबडी धूळ, चिक्कोडी-अथणीकडे काळी माती, निपाणीत वखारींच्या भोवती तंबाखूची भुकटी, आणि हंगामात सगळीकडे उसाच्या पाचटाचा चुरा आणि राख. दिसायला पाचट भयंकर वाटतं, पण ते जाळीवर आणि फिल्टरवर अडतं. हवा कोंडते, तरी आत जात नाही. इंजिन मारते ती पावडरसारखी बारीक माती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. पिस्टनची रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधला ऑइलचा थर त्याच्या कितीतरी पट पातळ. पाच ते वीस मायक्रॉनचा कण त्या थरात शिरला की दोन्ही बाजूंना घासत राहतो. असा कण डोळ्याला दिसतही नाही. दिसतो तो बोटाला लागलेला त्याचा रंग, म्हणून पाइप काढला की आत बोट फिरवायची सवय लावून घ्या.

वाट कुठून कुठे जाते

गाडी समोर उभी करा आणि हवेच्या मागे मागे चालत जा. ट्रॅक्टरवर बॉनेटच्या बाहेर छत्रीसारखं डोकं दिसतं तो प्री-क्लिनर. तो हवेला गोल फिरवतो, जड माती बाजूला पडते. पुढे एअर क्लिनरचा डबा. जुन्या ट्रॅक्टरांत तो ऑइल बाथचा असतो: हवा खालच्या वाटीतल्या ऑइलवर आपटून वळते, माती ऑइलमध्ये राहते आणि उरलेली वरच्या जाळीत अडकते. नव्या गाड्यांत कागदी फिल्टर, तोही जोडीने: बाहेरचा मोठा आणि त्याच्या पोटात आतला छोटा. डब्याच्या तळाला रबराचं एक चपटं तोंड असतं, त्यातून सुटी माती खाली पडते. ट्रॉली ओढणाऱ्याने ते रोज एकदा बोटांनी दाबायचं, बस्स.

डब्यातून निघालेली हवा रबरी पाइपने टर्बोच्या थंड बाजूला जाते, तिथून दाबली जाऊन इंटरकूलरमध्ये, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीत, आणि तिथून मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतून, व्हॉल्व्हपाशी. टर्बो नसेल तर डब्यातून थेट मॅनिफोल्ड.

या वाटेचे दोन भाग पाडा: टर्बोच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे इंजिन हवा ओढत असतं, त्यामुळे तिथे चीर पडली तर बाहेरची माती आत जाते. पलीकडे हवा दाबाखाली असते, त्यामुळे तिथे चीर पडली तर चांगली हवा बाहेर पळते. पलीकडची गळती लगेच कळते: फुसफुस आवाज येतो, ओढ जाते, काळा धूर येतो. अलीकडची गळती गुपचूप असते. ना आवाज, ना धूर, गाडीला ओढही व्यवस्थित. सहा महिन्यांनी इंजिन ऑइल खाऊ लागतं तेव्हा कळतं आणि तोपर्यंत रिंग, लायनर, टर्बो तिन्ही गेलेले असतात. म्हणून मी अलीकडची बाजू नेहमी आधी बघतो, तक्रार काहीही असो.

टर्बो म्हणजे नेमकं काय

डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्या जाणाऱ्या गॅसच्या रस्त्यात एक चाक बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, आणि त्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. टर्बो म्हणजे एवढंच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि १९२० च्या दशकात जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर ते चालू लागलं. हवा जास्त भरली की तेवढ्याच इंजिनात जास्त डिझेल नीट जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. टर्बो स्वतः ताकद तयार करत नाही. कुणी म्हणालं "टर्बो बदला, ओढ वाढेल", तर आधी विचारा की आहे त्या टर्बोला हवा पोचते का.

आतला भाग किती नाजूक आहे हे आकड्यांवरून कळेल. गरम बाजूचं चाक सहाशे-सातशे अंशांच्या गॅसमध्ये फिरतं. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, वीतभरही लांब नाही, अ‍ॅल्युमिनियमचं चाक थंड हवेत. दांडा मिनिटाला एक लाख फेऱ्या घेतो, लहान गाड्यांत दोन लाखांपर्यंत. पापणी लवते तेवढ्यात चारशे-पाचशे फेऱ्या! हा वेग सहसा बॉल बेअरिंगवर पेललेला नसतो. दांडा पितळी बुशांत बसतो, बुश हाउसिंगमध्ये, आणि दोन्हीकडे ऑइलचा पातळ थर असतो. दांडा, बुश, सगळं ऑइलवर तरंगतं. ऑइल काही सेकंद थांबलं की धातूला धातू लागलाच.

दाब ठरावीक हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून गरम बाजूला वेस्टगेट नावाचं छोटं दार असतं. दाब वाढला की ते उघडतं आणि थोडा गॅस चाकाला बगल देऊन निघून जातो. काही नव्या गाड्यांत दाराऐवजी चाकाभोवती हलणारी पाती असतात. काजळीने ती जाम होतात, विशेषतः गावातल्या गावात, कमी लोडवर फिरणाऱ्या गाड्यांत. वेस्टगेटच्या दांडीचं सेटिंग फिरवून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून देणारे लोक भेटतील. नको. कंपनीने पिस्टन, गॅस्केट आणि कूलिंग त्या दाबाच्या हिशेबाने दिलेलं असतं.

इंटरकूलर कशाला

सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला तापलेला लागतो. दाबली की हवा तापते. ३५ अंशांची हवा टर्बोने अडीचपट दाबली तर ती दीडशे अंशांच्या वर जाते, आणि तापलेली हवा पसरते, म्हणजे दाबून जे मिळवलं त्यातलं बरंच हातचं जातं. इंटरकूलरमध्ये ती पन्नास अंशांपर्यंत आणली की तेवढ्याच जागेत सुमारे एक तृतीयांश जास्त हवा मावते. आपल्याकडे हंगामात इंटरकूलरच्या जाळीत पाचटाचा चुरा गच्च बसतो आणि मालक फक्त रेडिएटर धुतो. दोन्ही धुवा. पाण्याचा मारा मागून पुढे, आणि हलका, नाहीतर पापुद्रे आडवे होतात.

तपासणीचा क्रम

पहिलं काम पाना उचलायचं नाही, विचारायचं आहे. कधीपासून, कशानंतर, ऑइल किती टाकावं लागतं, फिल्टर शेवटचा कधी बदलला. आपल्याकडे ड्रायव्हर निम्मे कन्नड बोलणारे. तो "गाळी" म्हणाला तर ती हवा, डिझेलच्या टाकीतला गाळ नव्हे. "होगे" म्हणजे धूर, "एण्णे" म्हणजे तेल. एवढे तीन शब्द कळले तरी अर्धं निदान होतं, आणि माणूसही मोकळा बोलतो.

मग धूर बघा. लोडवर काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा: ऑइल जळतंय. पांढरा: डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा पाणी आत जातंय. सकाळी थंडीत पहिला मिनिटभर पांढरा धूर आला तर घाबरू नका.

तिसरी पायरी फिल्टर. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे प्रेमापोटी होतं. मालक रोज सकाळी फिल्टर काढतो, टायरवर आपटतो आणि परत बसवतो. आपटल्याने पत्र्याचं तोंड वाकडं होतं, मग सील नीट बसत नाही. शिवाय दर वेळी डबा उघडला की थोडी माती आतल्या स्वच्छ बाजूला पडते. कागदी फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक माती अडवतो, म्हणून विनाकारण उघडायचा नाही. डब्यावर किंवा पाइपवर चोंदल्याची खूण दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो, किंवा मीटरवर दिवा लागतो. खूण लाल झाली की उघडा. इंडिकेटरच तुटलेला असेल तर आधी तो बसवा, फार महाग वस्तू नाही.

उघडल्यावर बाहेरचा फिल्टर सावकाश, न झटकता काढा. कंप्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर मारा, दाब दोन बारच्या, म्हणजे तीस पीएसआयच्या खाली, आणि नळी कागदापासून चार बोटं लांब. टायर भरायच्या दाबाने बाहेरून मारलेली हवा माती कागदात खोल ढकलते आणि कागदाला टाचणीएवढी भोकं पाडते. साफ झाल्यावर अंधाऱ्या जागी जाऊन आत बॅटरी पेटवा. चहूकडून सारखा मंद उजेड दिसला तर ठीक. एखादा जरी टिपका चमकला तर फिल्टर फेका. डिझेलने, पेट्रोलने कागद धुवायचा नाही. आणि आतला छोटा फिल्टर साफ करायचाच नाही. तो फक्त बदलायचा, बाहेरचा बदलण्याच्या दोन-तीन पाळ्यांनंतर किंवा कंपनीच्या पुस्तकात असेल तेव्हा. आतल्यावर माती दिसली तर बाहेरचा फाटला आहे किंवा त्याचं सील बसलेलं नाही, हे नक्की समजा. डबा आतून ओल्या फडक्याने पुसताना टर्बोकडे जाणाऱ्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, आणि काम झाल्यावर ते आठवणीने काढा.

ऑइल बाथ असेल तर वाटी काढा, खाली बसलेला चिखल बघा. ऑइल घट्ट झालं असेल तर ओतून द्या, वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन वाळवा, खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा. धुळीच्या दिवसांत रोज बघायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, आणि त्याने काय होतं ते खाली सांगतो.

चौथी पायरी टर्बोच्या अलीकडचे पाइप. प्रत्येक पाइप जागेवर हाताने वाकवून, पिळून बघा, खालची बाजू आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघा. क्लिपा पान्याने आवळा. मग पाइप काढून आत बोट फिरवा. आत कोरडी धूळ म्हणजे कुठेतरी गळती आहेच. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. चिरेवर टेप गुंडाळून गाडी सोडू नका, उष्णतेने गोंद सुटतो.

पलीकडच्या बाजूला, दाबाच्या पाइपांना, एक माणूस इंजिन रेस करत असताना साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतात तिथे गळती. इंटरकूलरची दोन्ही तोंडं हमखास तपासा. बूस्टचे पाइप आतून थोडे तेलकट असतात, ते ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफेने. थेंब गळत असतील किंवा तळाला साठलं असेल तर मात्र पुढच्या पायरीला जा.

आता टर्बो. इंजिन बंद आणि थंड. चालू इंजिनावर पाइप काढून हात जवळ नेणारी मुलं मी बघितली आहेत. ते चाक बोट ठेवणार नाही. पुढच्या चाकाच्या कडा बघा: गोल झाल्या असतील तर माती, खड्डे किंवा दातरे पडले असतील तर एखादा नट, वायसर किंवा क्लिपचा तुकडा आत गेलाय. मग दांड्याचं टोक दोन बोटांत धरून बाजूला हलवा. थोडं हलणारच, कारण बुश तरंगते आणि आत्ता तिच्याखाली ऑइलचा दाब नाही. एवढं हललं म्हणून टर्बो बाद ठरवू नका. मात्र बाजूला दाबून फिरवल्यावर चाक हाउसिंगला घासलं, किंवा दांडा आत-बाहेर हलताना हाताला जाणवला, तर टर्बो काढायचा.

टर्बोतून ऑइल येतंय म्हणजे टर्बो गेला असं नाही

ही चूक सगळ्यात महागात पडते. टर्बोच्या दांड्यावर आपल्याला माहीत असलेलं रबरी सील नसतं. पिस्टनला असते तशी बारीक रिंग असते, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः चाकांकडच्या हवेच्या दाबामुळे. एअर फिल्टर चोंदला तर पुढच्या चाकामागे ओढ तयार होते आणि चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर खेचलं जातं. टर्बोतून ऑइल खाली पडतं ते पंपाने नाही, स्वतःच्या वजनाने. परतीचा पाइप दबलेला, वळलेला, कार्बनने भरलेला असेल तर ऑइल मागे तुंबतं आणि चाकांकडे वाट काढतं. इंजिनचा ब्रीदर बंद असेल तर इंजिनच्या पोटातला दाब परतीच्या ऑइलला अडवतो, परिणाम तोच. फिल्टर, परतीचा पाइप, ब्रीदर. हे तिन्ही बघितल्याशिवाय टर्बोला नाव ठेवू नका.

दुसरं कारण सवयीचं. गाडी माल भरून निपाणीजवळचा तवंदी घाट चढून येते, ड्रायव्हर वर आल्या आल्या चहाला थांबतो आणि चावी फिरवतो. इंजिन बंद, ऑइल पंप बंद, पण गरम चाक अजून लालबुंदीच्या जवळ. ती उष्णता दांड्यावाटे मध्यभागी येते, तिथे अडकलेलं ऑइल भाजून त्याचा कडक कार्बन होतो, आणि असं शंभर वेळा झालं की ऑइलचं भोक बुजतं. चढ चढून थांबलात तर दोन-तीन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवा, मग बंद करा. गावातून हळूहळू येऊन घरी थांबत असाल तर त्याची फारशी गरज नाही. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट रेस करू नका, ऑइलला वरपर्यंत पोचू द्या. आणि इंजिन ऑइल वेळेवर आणि पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका.

इंजिन सुसाट सुटलं तर

डिझेल इंजिनाच्या हवेला दार नसतं, हे वर सांगितलं. टर्बोतून किंवा भरभरून ओतलेल्या ऑइल बाथमधून ऑइल हवेबरोबर आत जाऊ लागलं, तर इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. पंप बंद केला, चावी काढली, तरी ते थांबत नाही. आरपीएम चढत जातो, निळा-पांढरा धूर लोटतो, आणि काही वेळात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. अशा वेळी इंजिनवर वाकून काही उघडायला जाऊ नका. गाडीत बसलेले असाल तर ब्रेक पक्का दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडतं. बाहेर असाल आणि हवा ओढणारं तोंड सुरक्षित जवळ असेल, तर फळी किंवा जाड पत्रा दाबून ते बंद करा. हात, फडकं, गोणपाट कधीच नाही. ते आत ओढलं जातं. जवळ जाणं धोक्याचं वाटलं तर माणसं बाजूला करा. इंजिन परत घेता येतं.

नवा टर्बो बसवायची वेळ आलीच तर

आधी हे लिहून काढा: जुना कशाने गेला. मातीने, ऑइल न मिळाल्याने, की बाहेरचा तुकडा आत जाऊन. ते कारण काढल्याशिवाय नवा खोक्यातून काढू नका. जुन्याची पाती तुटली असतील तर इंटरकूलर आणि पाइप पूर्ण साफ करा, तुकडे तिथेच पडलेले असतात. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. टर्बोला ऑइल देणारा पाइप शक्यतो नवा घाला, जुन्यात कार्बन असतोच. ऑइलच्या जोडांना सिलिकॉन लावू नका. आत पिळून गेलेला त्याचा तुकडा भोकात बसतो आणि नवा टर्बो कोरडा पडतो. तिथे गॅस्केटच वापरा.

बसवताना वरच्या भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि चाक हाताने चार-पाच वेळा फिरवा. परतीचा पाइप जोडण्याआधी खाली घमेलं ठेवा, डिझेल बंद करून स्टार्टर थांबून थांबून मारा, टर्बोतून ऑइलची धार खाली येताना डोळ्यांनी बघा. ती दिसली की पाइप जोडा, इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर सोडा. प्रत्येक जोडाला हात लावून बघा, कुठे ओल आहे का. मग लोड देऊन एक फेरी मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, हवेच्या सगळ्या क्लिपा परत एकदा आवळा. नवं रबर पहिल्या तापण्यात दबतं आणि क्लिप तेवढीच सैल होते.